एअरलाइन पायलटना काही वर्षांनीही विमान उडवायला मजा येते का? खरं खरं सांगा

नवीभरारी

नमस्कार मंडळी. माझं कमर्शियल लायसन्स झालंय, मल्टी इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग पण हातात आहे आणि आता टाइप रेटिंग (एका ठराविक मोठ्या विमानाचं वेगळं ट्रेनिंग) करायचं की नाही इथे येऊन अडकलोय. पैशाचा प्रश्न आहेच पण तो आत्ता बाजूला ठेवू.

ट्रेनिंगमध्ये मला जे आवडलं ते म्हणजे छोटं विमान, शेजारी कोणी नाही, हात कंट्रोलवर, इंजिनचा आवाज जरा बदलला तरी लगेच कळतंय, वारा किती आहे ते पायाला जाणवतंय. आमचे एक इन्स्ट्रक्टर आधी एअरलाइनमध्ये होते, सोडून परत शिकवायला आले. ते म्हणतात तिकडे जाऊन तू बस ड्रायव्हर होशील, पहिली दोन वर्षं भारी वाटेल मग ऑटोपायलट लावायचा आणि घड्याळाकडे बघत बसायचं. आणि दुसऱ्या कोणालाही विचारलं की तो म्हणतो अरे जगात याच्यासारखा जॉब नाही. पण असं म्हणणारे सगळे एकतर नवीन आहेत नाहीतर पायलटच नाहीत.

म्हणून ज्यांनी बरीच वर्षं काढलीयत त्यांना विचारतोय, अजून मजा येते का, आणि येत असेल तर नेमकी कशात? पगार वगैरे नका सांगू, ते सगळीकडे सापडतं.

क्रॉसविंड

येते. मी नॅरोबॉडीवर, म्हणजे मधे एकच वाट असलेल्या जेटवर कॅप्टन आहे, छोटे सेक्टर म्हणजे फेऱ्या, दिवसाला कधी दोन कधी चार.

आधी ऑटोपायलटचं बोलू कारण सगळ्यांना तेच वाटतं. हो, टेकऑफनंतर थोड्याच वेळात ऑटोपायलट लागतो आणि बऱ्याचदा फायनलवरच, म्हणजे रनवे समोर आल्यावरच काढतो, म्हणजे एका सेक्टरला हाताने उडवणं मोजून काही मिनिटांचं. पण ती मिनिटं कधी जुनी होत नाहीत बघ. टेकऑफ रोलमध्ये हात थ्रस्ट लिव्हरवर असतो आणि व्ही वन या वेगाचा कॉल आला की हात काढून घ्यायचा, कारण आता थांबायचं नाही, काहीही झालं तरी घेऊन वर जायचं. इतकी वर्षं झाली तरी तो हात काढताना मी पूर्ण जागा असतो. आणि लँडिंग. आडवा वारा असला की नाक वाऱ्याकडे तिरकं धरून खाली यायचं, मशीन उरलेली उंची फुटांत फिफ्टी फोर्टी थर्टी अशी मोजायला लागतं, तेव्हा फ्लेअर करता करता, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलता उचलता, रडरने नाक रनवेच्या रेषेत आणायचं आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली धरायचा. हे सगळं दोन तीन सेकंदात. कधी मनासारखं होतं, कधी चाकं जरा जोरात टेकतात, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच करायला मिळतं, म्हणून कंटाळा येत नाही.

पण तू विचारतोयस नेमकी कशात, तर माझं उत्तर वर्षांबरोबर बदललं. फर्स्ट ऑफिसर (कॅप्टनच्या शेजारचा सहपायलट) होतो तेव्हा सगळी मजा हातात होती. कॅप्टन झाल्यावर ती डोक्यात गेली. समजा पुढे ढगांची रांग आहे, रडारवर लाल दिसतंय, एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रणाकडे) आधीच आठ विमानं वळणं मागतायत, डेस्टिनेशनवर होल्डिंग (हवेतच घिरट्या घालत थांबणं) चालू आहे आणि आपल्याकडे ऑल्टरनेटला (पर्यायी विमानतळाला) जाण्याएवढं इंधन आणि वर ३० मिनिटांचं फायनल रिझर्व्ह, म्हणजे राखून ठेवायचं इंधन, सोडलं तर किती वेळ थांबता येईल याचा हिशोब चालू आहे. डावीकडून जायचं का उजवीकडून, किती वेळ थांबायचं, कधी म्हणायचं की बास आता ऑल्टरनेट. हे नीट जमलं आणि मागे बसलेल्यांना नुसतं वाटलं की जरा उशीर झाला, तर त्या दिवशी मला जे समाधान मिळतं ते सोलो फ्लाइटमध्ये पण नव्हतं मिळालं. तुझ्या इन्स्ट्रक्टरना हे आवडत नसेल तर त्यात त्यांची चूक नाही, काहींना फक्त उडवणं आवडतं आणि त्यांनी शिकवणंच बरं.

पहाटतारा

मी लाँग हॉलवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या फ्लाइट्सवर फर्स्ट ऑफिसर आहे आणि मी जरा वेगळं सांगते कारण वरचं वाचून असं वाटेल की सगळीकडे असंच असतं.

लाँग हॉलला लँडिंगच कमी मिळतात. चार पायलट असतील तर लँडिंग एकालाच, बाकीचे बघणार. प्रवासी घेऊन उडवत राहायला ९० दिवसांत तीन टेकऑफ लँडिंग लागतात आणि आमच्याकडे तेवढे पण कधी कधी होत नाहीत, मग सिम्युलेटरमध्ये जाऊन करायचे. मोठं विमान मिळालं म्हणून मी किती खूश होते आणि इथे येऊन कळलं की हाताने उडवायची हौस असेल तर हे विमान त्यासाठी नाही.

आणि झोप. पहाटे २ ते ६ हा शरीराचा सगळ्यात खालचा वेळ असतो, थकव्याच्या नियमांमध्ये पण तो वेगळा धरलेला असतो, आणि आमचं बरंचसं काम नेमकं तेव्हाच. बंकमध्ये (क्रूच्या झोपायच्या जागेत) पडून राहतो पण हवा इतकी कोरडी असते की घसा सुकतो, केबिनचा दाब पण डोंगरावर असल्यासारखा, विमान कुठलं आहे त्यावर सहा ते आठ हजार फुटांचा. लेओव्हरला, म्हणजे परतीच्या फ्लाइटआधीच्या मुक्कामाला, हॉटेलचे पडदे ओढून दुपारी झोपायचा प्रयत्न करायचा, संध्याकाळी टक्क जागं व्हायचं आणि शरीराला वाटत असतं की मध्यरात्र आहे. विशी तिशीत हे चालून जातं. आता मला एका ट्रिपनंतर माणसात यायला दोन तीन दिवस लागतात.

तरीपण सोडत नाही. समुद्रावर मध्यरात्री सगळे दिवे मंद केलेले असतात, रेडिओवर शांतता, दर थोड्या वेळाने पोझिशन आणि फ्युएल तपासायचं, आणि उत्तरेकडे ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा उजेड हलायला लागतो. दोन्ही सीटवरची माणसं बोलायची थांबतात. वादळाजवळून जाताना विंडशील्डवर सेंट एल्मोज फायरच्या बारीक जांभळ्या रेघा सरपटतात ते पण मी प्रत्येक वेळी तितकंच टक लावून बघते. तर माझं उत्तर असं की विमानातली मजा गेली नाही, ती मजा घेण्याएवढी मी ताजी नसते. हा फरक लक्षात ठेव कारण थकवा आणि कंटाळा बाहेरून सारखेच दिसतात, आणि खूप जण आपल्याला कामाचा कंटाळा आलाय असं समजून बसतात, खरं तर त्यांना रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) बदलायची गरज असते.

घरचीबाजू

मी पायलट नाही, माझा नवरा आहे. लिहू का नको विचार करत होते पण लिहिते.

त्याला उडवायला अजून आवडतं यात मला शंका नाही. त्याचा वैताग कधीच विमानाबद्दल नसतो, तो असतो रोस्टर ऐनवेळी बदलल्याबद्दल, स्टँडबायवर फोन हातात धरून दिवसभर घरात बसण्याबद्दल, मुलीचा वाढदिवस परत हुकल्याबद्दल. सिम्युलेटरचा चेक आला की आधीचा आठवडा घर शांत असतं, दर सहा महिन्यांनी परीक्षा, इंजिन बंद पडलं, आग लागली, सगळं परत करून दाखवायचं आणि नोकरी त्याच्यावर. आणि मेडिकलचं टेन्शन वेगळंच. बाकी नोकऱ्यांमध्ये बीपी वाढलं तर डॉक्टर गोळी देतो आणि आपण ऑफिसला जातो, इथे साधा ईसीजी जरा वेगळा आला तरी पुढच्या तपासण्या होईपर्यंत घरी. चाळिशीनंतर तो मेडिकलच्या आदल्या रात्री नीट झोपत नाही.

२०२० मध्ये सगळी विमानं उभी राहिली तेव्हा तो कित्येक महिने घरी होता. मला वाटलं होतं निदान आराम तरी मिळेल. पहिले काही दिवस खूप झोपला आणि मग रोज संध्याकाळी खुर्चीवर बसून डोळे मिटून कॉकपिटचे फ्लो (ठरलेल्या क्रमाने स्विच तपासायच्या हालचाली) करायचा, हात वर नेऊन, बाजूला नेऊन, जिथे जिथे स्विच असतो तिथे. विचारलं तर म्हणाला हात विसरायला नकोत. ज्याला कंटाळा आलाय तो माणूस असं करत नाही ना.

कार्गोवाला

मी रात्रीचं कार्गो उडवतो आणि मला मजा येते, मागे प्रवासी नाहीत, अनाउन्समेंट नाही, दोघंच जण आणि माल, एटीसी पण रात्री मोकळं असतं त्यामुळे बऱ्याचदा सरळ रूट मिळतो, कॅप्टन चांगला असला आणि हवा स्वच्छ असली तर म्हणतो की घे काढ ऑटोपायलट आणि उडव, दहा हजार फुटांपासून खाली हाताने घेऊन आलोय कितीदा. झोपेचं वर ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, त्यात मी काही भर घालत नाही.

निवृत्तकप्तान

मी वयाच्या ६५ पर्यंत उडवलं, म्हणजे नियम देतो तिथपर्यंत. आयकाओने (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने) ही मर्यादा २००६ मध्ये ६० वरून ६५ केली तेव्हा आमच्यातल्या काहींना हायसं वाटलं आणि काहींना वाटलं अजून पाच वर्षं कशाला. दोन्ही प्रकारची माणसं मी जवळून पाहिली आहेत, त्यावरून सांगतो.

मजा कमी व्हायची कारणं खरी आहेत, ती कोणी नाकारू नयेत. मी सुरुवात केली तेव्हा कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअर असायचा, तीन माणसं, गप्पा व्हायच्या. तो गेला. २००१ नंतर दार कायमचं बंद झालं. त्याआधी क्रूझमध्ये लहान मुलं आत यायची, डोळे विस्फारून बघायची, एखादं धीट पोर विचारायचं की इथे हॉर्न असतो का. त्या मुलांमुळे आपण काय करतो हे आपल्यालाच परत दिसायचं. मला त्याची चुटपुट शेवटपर्यंत होती.

मग कंपन्यांचे वागणे. हडसन नदीवर विमान उतरवणारे कॅप्टन सलनबर्गर सगळ्यांना माहीत आहेत, जानेवारी २००९. पुढच्याच महिन्यात ते अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेले आणि तिथे सांगितलं की आपला पगार ४० टक्के कापला गेला, पेन्शन गेलं, आणि आपल्या मुलांनी या पेशात यावं असं वाटणारा एकही व्यावसायिक पायलट आपल्याला माहीत नाही. सगळं जग ज्याचं कौतुक करत होतं तो माणूस हे बोलला. पण त्याच वर्षी ते परत कॉकपिटमध्ये जाऊन बसले आणि २०१० मध्ये निवृत्त झाले. मला यात विसंगती दिसत नाही. पेशाबद्दल चीड आणि उडवण्याबद्दल प्रेम एकाच माणसात वर्षानुवर्षं नांदतं.

आता बस ड्रायव्हरचं. ऑटोपायलटमुळे हात गंजतात ही भीती फक्त तुझ्या इन्स्ट्रक्टरची नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने एअरलाइन्सना लेखी कळवलं की योग्य परिस्थितीत पायलटना हाताने उडवायला प्रोत्साहन द्या. तेव्हा जिथे जाशील तिथे हे बघ की कंपनीचं धोरण हाताने उडवू देतं का. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी कपाळाला आठ्या पडतात. माझ्या बरोबरचे जे लोक शेवटपर्यंत खूश राहिले ते हवा चांगली असली की स्वतःहून ऑटोथ्रस्ट (पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) काढायचे, रॉ डेटावर म्हणजे कॉम्प्युटरच्या मार्गदर्शनाशिवाय अप्रोच करायचे, ब्रीफिंगमध्ये नवीन मुलाला विचारायचे की तू असतास तर काय केलं असतंस. आणि जे आंबले ते सीटवर बसल्यापासून सीनियॉरिटी आणि बिडिंग (आवडीच्या ड्युटीसाठी पसंती देणं) याच्यावरच बोलायचे. नोकरी दोघांची तीच होती.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती लिहितो. कंपनी बदलली की बऱ्याच ठिकाणी सीनियॉरिटी परत शेवटून सुरू होते, कितीही तास असले तरी. त्यामुळे मजा संपली तरी माणूस हलत नाही, अडकून बसतो, आणि मग कडवट होतो. पहिली कंपनी निवडताना घाई करू नकोस.

नवीभरारी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. घरचीबाजू ताई, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली.

आता एक नेमका प्रश्न. मला टर्बोप्रॉपवर (प्रोपेलर असलेल्या छोट्या एअरलाइन विमानावर) एका ठिकाणी संधी दिसतेय, आणि जेटसाठी थांबलो तर किती थांबावं लागेल माहीत नाही. मित्र म्हणतात टर्बोप्रॉपला गेलास की तिथेच राहशील. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला जे आवडतं ते तिथेच जास्त मिळेल असं वाटतंय. बरोबर आहे का?

क्रॉसविंड

बरोबर आहे. मी पण तिथूनच आलोय. टर्बोप्रॉपवर बहुतेक ठिकाणी ऑटोथ्रॉटल नसतो, पॉवर हाताने सांभाळायची, जेट हवामानाच्या वरून जातं तिथे तू वीस हजार फुटांच्या आसपास त्याच्या मधून जाणार, आयसिंग मिळणार, छोटे रनवे मिळणार, दिवसाला चार सहा लँडिंग. जेटवर गेल्यावर तो सगळा अनुभव उपयोगी पडतो. थकवा आहे पण रात्री बऱ्याचदा स्वतःच्या बिछान्यात झोपशील.

तिथेच राहशील हे काही अंशी खरं आहे, म्हणून बाँड (ठराविक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा आहे ते नीट वाच, सही करायच्या आधी. आणि रोस्टर किती दिवस आधी मिळतं, स्टँडबाय महिन्याला किती येतात, हाताने उडवू देतात का, हे तिथल्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरला गाठून विचार, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना नको.

पहाटतारा

+१. आणि त्याला हे पण विचार की शेवटचं स्वतःहून ऑटोपायलट कधी काढला होता. लगेच आठवलं तर जा.