नदीसाठी छोटी लाकडी डोरी (वल्ह्यांची बोट) घरीच बांधायचीय, तळाचा बाक किती ठेवू?

संथवाहिनी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे आणि आता करायचंच ठरवलंय. साधारण १३ फुटी डोरी, सपाट तळ, बाजू बाहेर कललेल्या, दोन माणसं आणि थोडं सामान मावलं की झालं. सुतारकाम येतं, बोट मात्र पहिलीच. प्लाय तारेने शिवून आतून इपॉक्सी भरायची, त्या पद्धतीने करणारे. अडलंय ते तळाच्या बाकावर म्हणजे रॉकरवर (तळ टोकांकडे किती वर वळतो त्यावर), जितके प्लॅन बघितले तितके वेगळे आकडे. नदी बहुतेक संथ आहे, मध्ये एकदोन ठिकाणी उथळ खडकाळ ओढ. आणि ६ मिमी प्लाय पुरेल का?

रंधा_पटाशी:
बाक प्लॅनवरून नाही, नदीवरून ठरवा. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या मॅकेन्झी नदीच्या डोऱ्या बघितल्या असतील तर त्यांचा तळ टोकापासून टोकापर्यंत वाकलेला असतो, कारण तिथे वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेने तोंड करून बसतो आणि उलटं वल्हवून बोटीचा वेग कमी करत तिला आडवी सरकवतो. ही पद्धत १८९० च्या दशकात नथॅनियल गॅलोवे नावाच्या नावाड्याने युटाकडच्या ग्रीन आणि कोलोराडो नद्यांवर रूढ केली. खडक समोर दिसला की बोट जागच्या जागी वळली पाहिजे, म्हणून तो बाक. पण तीच बोट संथ पाण्यात सरळ जायला कुरकुर करते, आणि वारा सुटला तर विचारूच नका. तुमची नदी बहुतेक संथ आहे ना, मग मधला तिसरा हिस्सा जवळपास सपाट ठेवा आणि दोन्ही टोकं उचला.

आता खरी गंमत. हा बाक वेगळा कापावा लागतोच असं नाही. सरळ कडांची पट्टी बाहेर कललेल्या फ्रेमवर वाकवली की तिची खालची कड टोकांकडे आपोआप वर जाते. बाजूंचा कल जास्त तर बाक जास्त. विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या घ्या, टोकं चिकटवा, मध्ये तिरक्या बाजूंचा तुकडा घाला आणि टेबलावर ठेवून बघा, टोकांखाली उजेड दिसेल. म्हणून प्लाय कापायच्या आधी १:१० चं मॉडेल करा, जे पुठ्ठ्याला वाकवता येत नाही ते प्लायला मुळीच वाकणार नाही.

संथवाहिनी:
पट्टी करून बघितली, खरंच उचलते! आता दोन माणसं बसल्यावर बोट किती बुडेल ते कसं काढायचं?

रंधा_पटाशी:
पाण्याच्या रेषेवर बोटीचं जेवढं क्षेत्रफळ, त्यातल्या प्रत्येक चौरस मीटरमागे १ सेंमी बुडायला १० किलो लागतात. तुमचं २.५ चौ.मी. धरलं तर सेंमीला २५ किलो. बोट ६०, माणसं १४०, सामान ३०, म्हणजे २३० किलो आणि साधारण ९ सेंमी. पण बाकामुळे सुरुवातीला टोकं पाण्याबाहेरच असतात, तेव्हा ११-१२ धरून चाला.

चिकटपट्टी:
प्लायबद्दल बोलतो. बाजूंना ६ मिमी ठीक आहे, तळाला मात्र ९ घ्या, आणि बाहेरून फायबरग्लासचं कापड इपॉक्सीत बसवा, उथळ ओढीत तळच दगडांवर घासणार आहे. मरीन प्लायच घ्या, साध्या प्लायमध्ये आत पोकळ जागा निघतात आणि पाणी तिथेच बसतं.

८ फुटी शीट जोडून १३ फूट करायचंय म्हणजे स्कार्फ जॉइंट आला, म्हणजे दोन्ही कडा तिरक्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या. १ ला ८ उतार, ६ मिमीला ४८ मिमी. दोन्ही शीट पायरीसारख्या एकावर एक ठेवून एकदमच रंधा मारा. प्लायच्या थरांच्या रेषा पट्ट्यांसारख्या दिसायला लागतात, त्या सरळ आणि समांतर असल्या तर उतार बरोबर, लाटा दिसल्या तर तिथे रंधा कमीजास्त लागलाय.

आणि इपॉक्सी लवकर सुकावी म्हणून हार्डनर (तिला घट्ट करणारा दुसरा भाग) वाढवू नका, डब्यावरचं प्रमाण म्हणजे प्रमाण. पुढचा हात द्यायच्या आधी वरचा मेणचट थर पाण्याने धुवा. शेवटी रंग हवाच, उन्हात उघडी इपॉक्सी टिकत नाही.

काठावरचा:
सगळ्यांनी छान सांगितलंय, एक राहिलं. तारा शिवून झाल्या की इपॉक्सी घालायच्या आधी बोटीवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, एक पुढे एक मागे, आणि खाली वाकून एकीवरून दुसरी बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या पाहिजेत. नसतील तर बोटीला पीळ पडलाय, तो आत्ता तारा सैल करून निघतो, इपॉक्सी सुकली की कायमचा. आणि दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे कराच. लाकूड तरंगतं, पण पाण्याने भरलेली बोट त्यावर माणसांचा भार घेत नाही. लाइफ जॅकेट दोघांनाही, संथ नदीतसुद्धा.

संथवाहिनी:
पीळ बघायचं कुठेच वाचलं नव्हतं. आधी मॉडेल करतो, आकडे इथेच टाकतो, मग तपासून द्या.