मदत हवी आहे: एकच आयपी रेंज शिरोली आणि शाहूपुरीत कशी वाटायची?

फौंड्रीवाला_शिरोली
नमस्कार मंडळी. तीन दिवस यातच अडकलोय. शिरोली एमआयडीसीतली फौंड्री आणि शाहूपुरीतलं ऑफिस एकाच रेंजवर, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यांच्या एकाच पट्ट्यात, आणायचंय. १ ते १०० फौंड्रीला, १०१ ते २०० ऑफिसला दिले. दोन्ही जागा जोडणारा टनेल चालू आहे, दोन्ही टोकांचा पिंग (पोचतंय का बघायची हाक) जातोय, पण ऑफिसच्या पीसीवरून फौंड्रीतला टॅलीचा सर्व्हर दिसत नाही. उद्या सकाळी अकाउंटवाले दारात उभे राहणार. लवकर सांगा.

रंकाळा_चौपाटी
रेंज कुठली? मास्क, म्हणजे आपली लॅन कुठल्या पत्त्यापर्यंत ते ठरवणारा आकडा, काय टाकलाय? टनेल कसला? एवढं तरी लिहा की राव.

राजारामपुरी_नववी_गल्ली
वाटायचीच कशाला? फौंड्री १९२.१६८.१, ऑफिस १९२.१६८.२ करा, रूट (कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं ती वाट) टाका, विषय संपला. आमच्या दोन दुकानांत पाच वर्षं असंच चाललंय.

पंचगंगा_घाट
टॅलीचं फोल्डर शेअर करून टनेलवरून उघडू नका भावा, एक व्हाउचर सेव्ह व्हायला चहा पिऊन होतो. रिमोट डेस्कटॉप घ्या, म्हणजे सर्व्हरचाच स्क्रीन ऑफिसात उघडा.

फौंड्रीवाला_शिरोली
टॅली कसं उघडायचं ते नंतर बघू, आधी सर्व्हर दिसू दे. रेंज १०.४०.७.० आहे. पुण्याच्या हेड ऑफिसने कोल्हापूरला एवढीच दिलीय, दुसरी लावली की पुणं बंद. हे लिहायचं राहिलं. मास्क सगळीकडे नेहमीचाच, २५५.२५५.२५५.०. टनेल वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा. पिंग मारला की 'रिप्लाय फ्रॉम १०.४०.७.११५, डेस्टिनेशन होस्ट अनरिचेबल'.

रंकाळा_चौपाटी
११५ कुणाचा?

फौंड्रीवाला_शिरोली
ज्या पीसीवरून पिंग मारतोय त्याचाच.

रंकाळा_चौपाटी
मग सापडलं. तो मास्क असला की पीसी म्हणतो, १०.४०.७ मधले सगळे माझ्याच स्विचवर आहेत. सर्व्हरला तो शाहूपुरीतच हाका मारत बसतो, राऊटरकडे पॅकेट देतच नाही. ओ कोण देणार? म्हणून अनरिचेबल हे उत्तर पीसी स्वतःच देतोय. रेंज कागदावर वाटून भागत नाही, मास्कनं तोडावी लागते. आणि १०० वर तुटत नाही, १२८ वर तुटते.

कसबा_बावडा
मास्कला हातच लावू नका. टनेलवर ब्रिज करा, दोन्ही जागा एक लॅन होतात. आमच्याकडे मस्त चालतंय.

रंकाळा_चौपाटी
वायरगार्ड नुसती आयपीची पॅकेट नेतो, इथरनेटची फ्रेम नाही. त्यावर थेट ब्रिज होत नाही. आणि केलाच जुगाड, तर शिरोलीचा डीएचसीपी शाहूपुरीच्या पीसीला पत्ते वाटणार आणि टनेल पडला की ऑफिस आंधळं.

कसबा_बावडा
आमचा टनेल पडत नाही.

पंचगंगा_घाट
२०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला तेव्हा फौंड्रीत जाता येत नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतोय, दोन कंपन्यांच्या लाइन घ्या. वायरलेस टॉवर असेल तर अर्थिंग आधी. वळवात माझा अख्खा स्विच जळालाय.

रंकाळा_चौपाटी
दोन्हीकडे मिळून डिव्हाइस किती?

फौंड्रीवाला_शिरोली
फौंड्रीत ६१, ऑफिसात २२. पुढच्या वर्षी कागलला युनिट होतंय.

रंकाळा_चौपाटी
मग अर्धी-अर्धी करू नका, कागलला जागा ठेवा. फौंड्री १०.४०.७.०/२५, म्हणजेच मास्क २५५.२५५.२५५.१२८, वापरायला १ ते १२६. ऑफिस १०.४०.७.१२८/२६, म्हणजेच मास्क २५५.२५५.२५५.१९२, वापरायला १२९ ते १९०. उरलेली १९२/२६ कागलची. ऑफिसच्या राऊटरला १२९ द्या आणि तोच पीसींचा गेटवे, म्हणजे लॅनबाहेर जायचं दार. तुमचा ११५ आता फौंड्रीच्या वाट्यात गेला, म्हणजे ऑफिसचे सगळे पत्ते १३० ते १९० मध्ये न्या. वायरगार्डच्या अलाऊड आयपीत (टनेलमधून कुठले पत्ते जाऊ द्यायचे त्या यादीत) समोरच्याचा तुकडा टाका. ऑफिसच्या बाजूला पुण्याची रेंजही. पुण्याची लाइन फौंड्रीत येत असेल तर त्यांना काही बदलायला सांगू नका. त्यांना अख्खी /२४, म्हणजे १०.४०.७ पूर्ण, एकच दिसू दे. फौंड्रीच्या राऊटरवर /२६ चा रूट टनेलकडे असला की ऑफिसचं पॅकेट आपोआप तिकडे वळतं, कारण नेमका रूट आधी धरला जातो.

फौंड्रीवाला_शिरोली
हो, पुणं फौंड्रीतच येतं. बसलो करायला.

फौंड्रीवाला_शिरोली
रात्रीचे पावणेबारा. सर्व्हर दिसला! टॅली उघडलं, पुण्याचा पिंगही आला. फक्त फौंड्रीच्या गेटवरचं हजेरीचं मशीन ऑफिसातून दिसत नाही. शिरोलीत बसून दिसतंय.

राजारामपुरी_नववी_गल्ली
मशीनच्या मेनूत जाऊन गेटवे बघा. एकाच लॅनवर त्याची गरज पडत नाही, म्हणून बसवणारे रिकामा सोडतात. आमच्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं असंच झालं होतं.

फौंड्रीवाला_शिरोली
०.०.०.० होता. मास्कही जुनाच. वॉचमनला फोनवर एकेक आकडा सांगून दोन्ही बदलून घेतलं. रात्रपाळीचे पंच आत्ता इथे ऑफिसात दिसतायत. रंकाळा_चौपाटी, राजारामपुरी, मनापासून आभार. पंचगंगा_घाट, रिमोट डेस्कटॉपचं उद्या करतो.