मदत हवी आहे: मेणबत्तीच्या प्रयोगात वर्गाने अडवलंय, सोमवारच्या आत सांगा

खडूफळा: ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून ग्लास पालथा. नेहमीचाच प्रयोग: मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं, आणि आपण सांगतो की जळलेल्या ऑक्सिजनची जागा पाण्याने घेतली. एका पोराने एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी कितीतरी जास्त चढलं. "बाई, ग्लास तोच, मग ऑक्सिजन जास्त कुठून आला?" मुलांनी प्रश्न विचारावेत असं वाटतं हो, पण आता सगळा वर्ग हटून बसलाय. काय सांगू?

तिखटमीठ: इयत्ता कुठली? पट किती? ग्लास ठेवताना बुडबुडे आले होते का?

खडूफळा: सातवी. बुडबुडे आले असतील, त्यांचा काय संबंध?

जुनामास्तर: तिथेच तर सगळं आहे. "हवेचा एक पंचमांश भाग ऑक्सिजन, तो जळला, तेवढं पाणी चढलं" हे गाइडातलं उत्तर, पण ते चूक. मेणबत्ती विझते तेव्हाही आत साधारण १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. ज्योतीने हवा तापून फुगते, थोडी कडेखालून बुडबुडे होऊन निसटते. विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते आणि पाणी वर. तीन ज्योती म्हणजे हवा जास्त तापणार. पण हे सांगू नका! पाणी जास्त कधी चढतं, जळताना की विझल्यावर, एवढंच बघायला लावा.

नाशिकचा_इंजिनिअर: कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो म्हणून चढतं. आम्ही तेच शिकलो.

जुनामास्तर: इतक्या झटपट नाही विरघळत. ग्लास गरम पाण्याने विसळून पालथा घाला, मेणबत्ती नकोच. तरी पाणी चढतं. आता कुठला वायू विरघळला?

सहावीची_आई: होमी भाभा परीक्षेला हे येतं का? ठाण्यात चांगला क्लास सुचवा.

नर्मदाकाठ: मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ पासून सरकारी शाळांत विज्ञान असंच, प्रयोगातून शिकवायचे. परीक्षेला पुस्तक उघडून बसायचं, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा. २००२ मध्ये सरकारनेच बंद केलं. आपल्याकडे कोण करणार?

खडूफळा: ते राहू दे. पेपरात मुलांनी काय लिहायचं? गाइडातलं की हे?

तिखटमीठ: चाचणी की वार्षिक? पेपर तुम्हीच तपासता ना?

खडूफळा: चाचणी. तपासतात शेजारच्या तुकडीच्या बाई, त्यांच्या हातात तेच गाइड.

जुनामास्तर: मग सोमवारी त्यांनाही वर्गात बोलवा.

खडूफळा: बघते. गरम पाण्याने काच तडकेल, स्टीलचा ग्लास चालेल का?

तिखटमीठ: अहो, मग आत चढलेलं पाणी दिसणार कसं? काचेचाच घ्या, अंघोळीच्या पाण्याइतकं गरम पुरे.