घरातलं जुनं ऑनलाइन विकताय? आपले अनुभव सांगा

गेल्या चवथीआधी माळा झाडताना आईचं पायाचं शिलाई मशीन खाली काढलं. भंगारवाला किलोवर मागत होता. नवऱ्याने फोटो काढून फेसबुक मार्केटप्लेसवर टाकला, साडेतीन हजार लिहिले. तासाभरात अकरा मेसेज! न्यायला आलेल्या मुलाने मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला खालचा बिडाचा सांगाडा हवा होता, वर फळी टाकून कॅफेत टेबल करायला. "मशीन ठेवा तुम्हीच," म्हणाला. मी भाव लावला मशीनचा, गेले नुसते पाय. तेव्हापासून महिन्याला दोन-तीन हजार सुटतात, डिचोलीत घरबसल्या. तुम्ही कशी सुरुवात केली? कुठे फसलात तेही लिहा, ते जास्त कामाला येतं.

म्हापसा

घरातलं विकून संपलं, मग मी विकत घेऊन विकायला लागलो. शुक्रवारच्या बाजाराहून परतताना दोन भंगारवाल्यांकडे डोकावतो. मागे एक मिक्सर 400 ला उचलला. कार्बन ब्रश आणि कपलर मिळून 130, पात्यांची धार 60. दात घासायचा ब्रश आणि खायचा सोडा घेऊन अर्धा तास घासला, तेव्हा तळाचा पिवळेपणा गेला. 1100 ला गेला, म्हणजे सुटले 510. पेट्रोल आणि माझी दुपार धरली तर कमीच.

चटणीच्या भांड्याच्या झाकणाला चीर होती. अशी चीर मी आधी लपवायचो. मग लोक दारात येऊन बोट ठेवायचे आणि दोनशे पाडायचे. आता चिरेचाच फोटो पहिला टाकतो. "लास्ट किती?" विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, "न्यायला कधी येताय?" निम्मे तिथेच गप्प होतात.

मडगाव

मी फसले, तेच सांगते. लेकीची सायकल 2500 ला लावली होती. फोन आला, "मी लष्करात आहे, बदली झालीय, पैसे आत्ताच पाठवतो, सायकल माणूस नेईल." घासाघीस नाही, प्रश्न नाही. तिथेच शंका यायला हवी होती. त्याने क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." टाकला, आणि अडीच हजार आले नाहीत, गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे मला नंतर कळलं. असं झालं तर त्याच क्षणी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मी लाजेपायी दुसऱ्या दिवशी लावला, तोवर उशीर झाला होता. सायकल नंतर शेजारच्या बायने नेली, रोख देऊन.

शिवोली

पर्यटनाचा सीझन संपताना परत जाणारे लोक सामान मातीमोल भावात काढतात. गिटार, योगा मॅट, कूलर यांत मी बरे पैसे केले. स्कूटरमध्ये अडकलो. तिसऱ्याच माणसाने विकली. आरसी होतं, पण गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मूळ मालकाच्या सह्या नव्हत्या. "पात्रांव, नंतर पाठवतो," म्हणाला. त्या "नंतर"ला दोन पावसाळे झाले. स्कूटर अंगणात ताडपत्रीखाली आहे आणि मालक कुठे आहे ते देवाला ठाऊक. ज्याच्या नावावर गाडी, तो समोर सही करत असेल तरच पैसे मोजा. नाव बदलायचा अर्जही 30 दिवसांत द्यायचा असतो.

पणजी

जुना मोबाइल घेताना *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा. मग KYM लिहून, जागा सोडून तो नंबर 14422 वर एसएमएस करा. ब्लॅकलिस्टेड आला तर हात लावू नका.

फोंडा

मुलांची खेळणी विकते. पुण्याहून ऑर्डर आली म्हणून हरखले होते. खेळण्यातलं स्वयंपाकघर, वजन जेमतेम तीन किलो. कुरिअरवाल्याने खोक्याला टेप लावली, 50 गुणिले 40 गुणिले 30 सेंटीमीटर, भागिले 5000. झाले बारा किलो! हलक्या पण मोठ्या खोक्याचं वजन ते असं आकारावरून धरतात. नफा सगळा हवेच्या वजनात गेला. आता मोठी वस्तू फक्त "स्वतः येऊन न्या". जूनपासून कपडे आणि पुस्तकं विकायला काढतच नाही. आपल्याकडच्या दमटपणात आठवड्यात बुरशी चढते, आणि तो वास फोटोत दिसत नसला तरी गिऱ्हाइकाला खोकं उघडताच येतो.

साखळी

जुन्या घरातल्या मूर्ती, कोरीव लाकूड फोटो काढून टाकण्याआधी थांबा. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरू शकतात, त्या विकायला परवाना लागतो. आमच्या काकांनी देवघराची चौकट विकायला काढली होती, आजीने आधीच हाणून पाडलं. कायदा तिला माहीत नव्हता, देव माहीत होता.

केपे

डिचोलीच्या ताई, ते मशीन अजून आहे का? माझ्याकडे उलटं आहे, सांगाडा धड, वरचं गंजून गेलंय. किती घ्याल?

डिचोली

आहे. पंधराशे म्हणते, पण आईला विचारून सांगते. तिने त्यात कालच तेल घातलंय.