मदत हवी आहे: पंचवीस वर्षं जुना मेकअप कसा बदलू?

मैत्रिणींनो, वय ४८, राहायला ठाण्यात, रंग गव्हाळ, त्वचा हल्ली कोरडी. कॉलेजात शिकले तोच मेकअप अजून करते. फाउंडेशन, त्यावर कॉम्पॅक्टचे दोन हात, डोळ्यांत वर-खाली काजळ, मरून लिपस्टिक आणि भोवती त्याहून गडद लायनर. परवा भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले. चेहरा राखाडी, मान वेगळीच, आणि हसले की डोळ्यांखालच्या सुरकुत्यांत पावडर साचलेली. लेक म्हणाली, "आई, दळण चाळून आलीस का?" लागलं, पण खरं होतं.

राखाडीचं कारण कळलंय. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मनगटावर शेड बघायचे, घ्यायचे माझ्याहून दोन शेड उजळ. आता जबड्याच्या कडेला लावून दिवसाउजेडी बघणार. पण पुढे?

फाउंडेशनऐवजी स्किन टिंट (त्याहून पातळ, हलका रंग) आणि काळ्या वर्तुळांवर काळेपणा दबवणारं पीच रंगाचं करेक्टर, वर झाकायला थोडं कन्सीलर, एवढं पुरेल का? क्रीम ब्लश आपल्या दमट हवेत टिकतो, की लोकलमध्येच उतरतो? एसपीएफ ५० सनस्क्रीनवर काहीही लावलं की गोळ्या निघतात, मध्ये किती वेळ थांबता?

काजळ मात्र सोडणार नाही, आधीच सांगते. फार तर खाली तपकिरी पेन्सिल, बोटाने पुसट करून.

डिसेंबरात लग्न, नऊवारी आणि नथ. त्यावर न्यूड, म्हणजे त्वचेच्या रंगाची लिपस्टिक लावून बघितली, तापातून उठल्यासारखी दिसले. विटकरी चालेल?

बजेट ३००० रुपये. व्हिडिओच्या लिंका नकोत, स्वतः वापरलेलं सांगा.