ठाणे स्टेशनला उतरलं की ठरवलेलं सगळं मोडतं. तुमचं कसं जमलं?

मासुंदाकाठ:
नमस्कार. वय ४६, राहायला चरईत, ऑफिस महापेला. मार्चमधल्या तपासणीत माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. तळलेलं आणि मैदा कमी करा, भाज्या वाढवा, चार-पाच किलो वजन उतरवा. माझ्या आईला पन्नाशीत मधुमेह झाला आणि शेवटची काही वर्षं तिला दिसत नव्हतं. तिला वरणभात कालवून भरवणारी मीच होते. त्यामुळे मला कुणी भीती घालायला नको. मनापासून ठरवलेलं आहे.

तरी होत नाही. रोज कुठे मोडतं, तेही मला माहीत आहे. दुपारचा डबा एकला. नंतर फक्त चहा. सहा-सव्वासहाला घणसोलीहून गाडी, ठाण्याला दहा नंबरवर उतरायचं आणि पुलावरून पश्चिमेला. पूल उतरता उतरता तळणीचा वास येतो आणि पुढच्या दोन मिनिटांत वडापाव हातात असतो. घरी पोचल्यावर भाजी निवडायला बसायचं त्राण नसतं. मग बटाट्याच्या काचऱ्या, नाहीतर पिठलं.

फ्रीजवर कागद लावून पाहिला: तेलकट बंद, बाहेरचं बंद, साखर बंद, रोज सॅलड, रोज चालणं. आठ दिवस टिकला. मग एका रविवारी जांभळी नाक्याच्या मंडईतून आठवड्याची भाजी आणली आणि सगळी चिरून डब्यांत भरली. बुधवारी मेथी काळी पडलेली, दुधीला पाणी सुटलेलं. ते फेकताना फार वाईट वाटलं. आता परत नियोजन म्हटलं की मन मागे सरतं. ज्यांचं खरंच जमलं त्यांनी नेमकं काय ठरवलं आणि कसं, ते सांगाल का?

कोपरीकर:
ताई, रस्ता बदला. दहा नंबरवरून पूर्वेला उतरा आणि वळसा घालून घरी जा. मी एका मिठाईच्या दुकानासाठी पाच वर्षं गल्ली बदलून जातोय. दिसलंच नाही तर खावंसं वाटत नाही.

मासुंदाकाठ:
धन्यवाद दादा, पण पूर्वेहून चरई म्हणजे पाऊण तास उशीर. मुलगी बारावीत आहे, सासूबाई जेवायला थांबलेल्या असतात. नाही जमणार.

खाडीपलीकडे:
आईंबद्दल वाचलं आणि क्षणभर पुढे वाचवेना. मी ऐरोलीला राहते, कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. हा विषय दर वर्षी वर्गात घेते आणि स्वतःवरही वापरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचा निश्चय कमी पडत नाहीये. निश्चय पक्का असूनही हातून होत नाही, हे इतक्या लोकांचं होतं की त्यावर कित्येक वर्षं संशोधन चालू आहे. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने यात एक फरक दाखवला. ‘मी भाज्या जास्त खाईन’ हे ध्येय झालं. ‘अमुक ठिकाणी अमुक घडलं, की मी अमुक करीन’ ही योजना. ध्येयाच्या भरवशावर राहिलं तर त्या क्षणी, दमलेल्या डोक्याने, निर्णय घ्यावा लागतो. योजनेत तो आधीच घेऊन ठेवलेला असतो. ती जागा आली की कृती आपसूक आठवते. २००६ मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने असे ९४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या साध्या जर-तर वाक्यांचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

आता तुमचा फ्रीजवरचा कागद. त्यात तीन गोष्टी ‘बंद’च्या आहेत. मारिके आद्रियान्से आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये फक्त आहारावरच्या २३ अभ्यासांचा आढावा घेतला. चांगलं खाणं वाढवायला योजना बऱ्यापैकी उपयोगी पडतात, नको ते खाणं कमी करायला त्या मानाने कमी. तिच्याच त्या वर्षीच्या दुसऱ्या कामात तर ‘अमुक वेळी अमुक खाणार नाही’ ही योजना चक्क उलटली. जे टाळायचं तेच मनात जास्त घट्ट बसलं. म्हणून ‘वडापाव खाणार नाही’ हे वाक्यच नको. त्या जागी काय खाणार, तेवढं म्हणा.

आणि एका वेळी एकच. अरबटचरबट खाण्याच्या सवयीवर एकदम अनेक योजना लावल्या तर परिणाम पुसला जातो, एक लावली तर दिसतो, असं २०१३ च्या एका डच अभ्यासात आढळलं. तुमच्या कागदावर पाच होत्या.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: तुम्हाला भूक पुलावर लागत नाही. ती घणसोलीलाच लागलेली असते. एक ते पावणेसात पोटात फक्त चहा आहे! तेव्हा योजना पुलाची नको, त्याच्या आधीची हवी. पर्समध्ये फुटाण्यांची डबी ठेवा. कुठे उघडायची ते तुम्ही ठरवा, वाक्य तुमच्या शब्दांत लिहा, मोठ्याने म्हणा आणि ती जागा डोळ्यांसमोर आणा. ते अंगवळणी पडलं की मगच दुसरं, अडचणीचं वाक्य: डबी विसरले तर काय करीन. बर्लिनच्या राल्फ श्वार्झर यांच्या गटाने कृतीची योजना आणि अडचणीची योजना हा भेद नीट मांडलाय. टिकून राहायला दुसरी लागतेच.

रात्रपाळी:
मी रबाळ्याला कारखान्यात आहे, दर आठवड्याला पाळी बदलते. एकच भर घालतो. घड्याळाला बांधू नका. ‘सहा वाजता खाईन’ म्हटलं की ज्या दिवशी मीटिंग लांबते त्या दिवशी सगळं गेलं. मी घटनेला बांधलंय. गेटवर कार्ड पंच केलं की आधी केळं. मग ते दुपारी तीन असो की सकाळी सात.

मेथीची_जुडी:
ताई, मेथी चिरून ठेवू नका हो! निवडायची, धुवायची नाही, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. फरसबी, गवार मोडून ठेवली तर तीन-चार दिवस छान राहते. दुधी आयत्या वेळीच. आठवड्याचा क्रम भाजीच्या आयुष्यावर लावायचा: आधी पालेभाजी, मग शेंगा आणि फ्लॉवर, शेवटी कोबी नाहीतर लाल भोपळा. मटकी रविवारी रात्री भिजत घाला, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. आपल्याकडच्या उकाड्यात रात्रीपर्यंत मोड दिसतात. मंगळवारी उसळ.

आणि एका रविवारच्या फेरीत भागणारही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला माणशी ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. चार माणसांना आठवड्याला अकरा किलो झाल्या. एवढं कुठल्या फ्रीजमध्ये मावणार? बुधवारी येता येता गावदेवी मंडईतून दुसरी फेरी करा.

मासुंदाकाठ:
पाच आठवड्यांनी लिहिते आहे. तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

पहिलं वाक्य लिहिलं: ‘घणसोलीच्या फलाटावर पोचले की डबी काढीन.’ पहिल्या आठवड्यात पाचपैकी दोनच दिवस जमलं. कारण साधं होतं. मी फलाटावर उभीच राहत नाही, जिने उतरेपर्यंत गाडी आलेली असते आणि आत हात हलवायला जागा नसते. वाक्य बरोबर होतं, जागा चुकली होती. रात्रपाळींचं वाचून बदललं: ‘ऑफिसबाहेर शेअर रिक्षात बसले की डबी काढीन.’ रिक्षा भरेपर्यंत पाच-सात मिनिटं बसावंच लागतं. तिथे फुटाणे, कधी शेंगदाणे. दुसऱ्या आठवड्यात पाचही दिवस झालं. पुलावर वास अजून येतो, छानच येतो, पण पाय थांबत नाहीत. या पाच आठवड्यांत वडापाव दोनदा खाल्ला. एकदा मुलीबरोबर, तिचा निकाल लागला तेव्हा. त्याचं मला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा डबी रिकामी होती. त्यावर दुसरं वाक्य केलं: ‘डबा घासायला टाकला की फुटाण्यांची डबी भरीन.’

तिसरं मी केलंच नाही, ते सासूबाईंनी केलं. एका रात्री ओटा पुसून झाल्यावर मी फरसबी मोडायला बसले, तर म्हणाल्या, “अगं, संध्याकाळी मालिका बघताना माझे हात रिकामेच असतात.” आता मी घरात शिरते तेव्हा ताटलीत गवार नाहीतर फरसबी मोडून तयार असते. काचऱ्या आठवड्यातून एकदा होतात, बाकी रोज भाजी. बुधवारची मंडई जमते आहे. मेथी फडक्यात खरंच टिकली.

वजन दीड किलो उतरलं. एचबीए१सी जूनच्या शेवटी परत करायचं आहे, डॉक्टर म्हणाले तीन महिने तरी जाऊ देत.

एकच अडलंय. शनिवार. घरी असते, रिक्षा नाही, डबी नाही. पाच-साडेपाचला हे समोसे घेऊन येतात, प्रेमाने आणतात, मला नाही म्हणवत नाही.

खाडीपलीकडे:
किती आनंद झाला! ‘वाक्य बरोबर, जागा चुकली’ हे मी वर्गात सांगणार आहे, चालेल ना? शनिवारी समोसे येण्याआधी तुमच्या घरात हमखास काय घडतं?

मासुंदाकाठ:
जरूर सांगा. घडतं म्हणजे, पाचला मी सासूबाईंसाठी चहाचं आधण ठेवते. ते कधीच चुकत नाही.

खाडीपलीकडे:
मग त्यालाच बांधा. यजमानांना आधी सांगूनही ठेवा, म्हणजे ते दुखावणार नाहीत.

मासुंदाकाठ:
लिहिलं. ‘आधण ठेवलं की काकडी चोचवायला घेईन.’ दाण्याचं कूट घालून कोशिंबीर यांनाही आवडते. आज रात्री बोलते यांच्याशी, उद्या शनिवारच आहे.