समुद्री जीवाणूंतली अँटिऑक्सिडंट्स: बेळगावात संशोधन व्हावं का?

शहापूरकर
काल टिळकवाडीत मेडिकलमध्ये एकजण अ‍ॅस्टाझँथिनच्या गोळ्या मागत होता, त्यावरून लिहितोय. हा लाल रंग अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे ऑक्सिजनच्या माऱ्यापासून पेशी वाचवणारा पदार्थ; तो पॅराकोकस नावाच्या समुद्री जीवाणूंतूनही मिळतो. ऊन आणि ऑक्सिजनचा मारा सोसायला हे जीव असले रंग स्वतःच बनवतात. टाकीत वाढवता येतात, समुद्र ओरबाडायला नको. चोर्ला घाट उतरलं की गोवा; दोना पावलाला १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. इथं बेळगावात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक वैद्यकाची संस्था आहे. दोघांनी मिळून हे काम घ्यावं, औषधं निघतील.

निपाणीकर
काका, औषधाचं नाव एवढ्यात नको. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातला नारिंगी रंग, दिलं, फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल म्हणून. १९९४ला निकाल आला: ते घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्के जास्त! अ‍ॅस्टाझँथिन त्याच कुळातलं. माझे वडील जन्मभर तंबाखूच्या वखारीत, बिडी सुटली नाही. त्यांना कुणीतरी ‘अँटिऑक्सिडंट आहे, घ्या’ म्हणून डबी दिली. मी हातातून काढून घेतली. चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

शहापूरकर
वडिलांचं बरोबर केलंस. पण कूळ एक म्हणून गुण एकच, असं कसं? एका रेणूनं दगा दिला म्हणून सगळा समुद्र बंद करायचा?

खानापूरची
मी लॅबमध्ये काम करते. ‘अँटिऑक्सिडंट सापडलं’ म्हणजे बहुतेक वेळा काय, ते सांगते. डीपीपीएचचं जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात जीवाणूचा अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं. जांभळा रंग उतरून पिवळा झाला की पास. आवळ्याचा रसही पास होतो की ओ! त्या नळीला ना आतडं, ना यकृत. पोटात गेल्यावर किती रक्तात उतरतं, किती टिकतं, हे तिथं कळतच नाही.
तरी काकांची बाजू सोडवत नाही. बहामाजच्या समुद्रतळातल्या सॅलिनिस्पोरा जीवाणूतून मॅरिझोमिब निघालं. ते अँटिऑक्सिडंट नव्हे, पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा अडवतं. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर माणसांवरच्या चाचण्यांत तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं, पण रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. एवढी वाट चालल्यावर मिळालेला नकारही मला मोलाचा वाटतो. आपल्याकडचे बहुतेक अर्क जांभळ्या नळीपाशीच थांबतात, त्याचं वाईट वाटतं.

शहापूरकर
मग माझी मागणी सुधारतो. नळीच्या पुढची कामं इथं व्हावीत: उंदीर, विषारीपणा, मात्रा.

निपाणीकर
त्याला माझा पाठिंबा. माझं भांडण काउंटरवरच्या डबीशी आहे. तुमचे उंदीर होईपर्यंत ती आमच्या बिडीवाल्यांच्या हातात देऊ नका.